पाहुण्यांपुढचं बोलणं

सूर्यमाळच्या खालच्या अंगाला विखुरलेल्या पाड्यांवर जयश्रीला नावानं हाक मारणारं फारसं कुणी नव्हतं. तिला म्हणायचे ‘डोक्याची बाई’. ज्यांचं डोकं बिघडलंय त्यांची विचारपूस करत हिंडते ती बाई, एवढाच त्याचा अर्थ. तिच्या नवऱ्याला, मुकेशला, ते नाव सुरुवातीला फार झोंबायचं. तो जव्हार-मोखाडा रस्त्यावर भाड्याची जीप चालवायचा आणि जीपमधले उतारू मुद्दाम विचारायचे, "काय रे, बायको तुला तपासते की नाय?" जयश्री मात्र हसायची. म्हणायची, हसू देत, हसताना तरी नाव घेतात, नाहीतर या दुखण्याचं नाव कोण घेतं.

आणि खरंच कोण घेतं हो? पाय मोडला तर अख्खा पाडा झोळी करून माणसाला डांबरी रस्त्यापर्यंत आणतो. मन मोडलं तर त्याच माणसाला मागच्या पडवीत सारतात आणि कुणी विचारलं की सांगतात, तो शेतावर गेलाय. लोक दुष्ट असतात म्हणून नव्हे, काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं म्हणून. जयश्रीच्या सख्ख्या मावशीला असंच सारलं होतं. लहानपणी जयश्री तिला भाकर नेऊन द्यायची. मावशी त्या पडवीतच गेली आणि घरातल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो जयश्रीनं ऐकला होता.

म्हणून शहरातली एक संस्था जव्हारला आली, स्टँडजवळ दोन खोल्या घेऊन तिनं मनाच्या आजाराचं काम सुरू केलं आणि पाडे ठाऊक असलेली बाई पाहिजे असं कळलं, तेव्हा जयश्री मुकेशला न विचारताच जाऊन उभी राहिली. दहावी शिकलेली होती, चालायला दमत नव्हती, आणखी काय लागतं? चार दिवस शिकवून तिला पाड्यांवर सोडलं. महिन्यातून एकदा नाशिकहून डॉक्टर यायचे, ते बाजाराच्या दिवशी. ही युक्ती जयश्रीचीच. बाजाराला चाललो म्हणून घरातून निघता येतं, डोक्याच्या डॉक्टरकडं चाललो असं कुणाला सांगावं लागत नाही. तेल-मिठाच्या पिशवीतून गोळ्या गुपचूप घरी जायच्या.

आता तिच्या कामातली खरी मेख सांगतो. आमच्या या डोंगरात कुणाच्याही दारात जा आणि विचारा, काय, कसं काय? उत्तर ठरलेलं: "बेस हाय." घरात नागलीचा दाणा नसेल, पोर तापानं फणफणत असेल, तरी उत्तर बेस हाय. ही काही खोटं बोलायची सवय नव्हे. दारात आलेल्या माणसाला आल्या आल्या आपलं रडगाणं ऐकवायचं नाही, त्याच्या पायाचा शीण आधी जाऊ द्यायचा, ही इथली रीत. पाहुणा बसला, पाणी प्याला, कोरा चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग त्यानं पुन्हा विचारलं की घरातली म्हातारी हळूच सांगते, तसं बेस हाय, पण पोरगा रातचा झोपत नाय. त्याहूनही थांबलात तर त्याच्या पुढचं सांगते. जयश्रीचं सगळं काम त्या दुसऱ्या-तिसऱ्या विचारण्यावर चालायचं. ती घाई करायची नाही. वालाच्या शेंगा सोलत बसेल, नागली पाखडू लागेल, आवणीच्या दिवसांत सरळ चिखलात उतरून रोपं लावू लागेल. उत्तर येईपर्यंत हलायची नाही.

गौराबाईच्या दारात मात्र तिला फार बसावं लागलं. गौराबाई म्हणजे पोशीची आई. पोशी ही तिची थोरली, कमलेश धाकटा. पोशीचं लग्न झालं, दिवाळीनंतर नवरा-बायको भिवंडीकडं वीटभट्टीवर गेली, तिथं तिचं पहिलं बाळ गेलं. त्यानंतर पोशीला कुणीतरी बोलताना ऐकू यायला लागलं. भट्टीच्या धुरातून बाळ हाक मारतंय म्हणून ती एकदा पेटत्या भट्टीकडं धावली. नवऱ्यानं तिला आणून आईच्या दारात सोडलं आणि तो जो गेला तो गेला. जयश्री पहिल्यांदा त्या घरात आली तेव्हा पोशी गोठ्यातल्या खांबाला होती. पायाला दोर, आणि दोरानं कातडं सोललेलं.

"बेस हाय," गौराबाई म्हणाली. जयश्री बसून राहिली. त्या दिवशी तिच्या हाती काही लागलं नाही. ती पुन्हा आली, पुन्हा बसली. अखेर एकदा गौराबाईनं शेण थापता थापता हात थांबवला आणि म्हणाली, "बाय, मी पोरीला बांधते आणि मग जेवते. असं कुणी जेवतं का?"

पाड्यावर बाबल्या भगत होता. त्यानं कोंबडं झालं, बोकड झालं, सगळं करून पाहिलं होतं. शहाणी माणसं अशा भगताला शिव्या देतात. जयश्री त्याच्याकडं तंबाखू घेऊन गेली. म्हणाली, "बाबा, देवाचं तुम्ही बघा, गोळीचं मी बघते. दोघं मिळून ओढू." बाबल्यानं बराच वेळ चुना मळला. मग म्हणाला, "पोर उठली तर नाव कुणाचं?" जयश्री म्हणाली, "तुमचंच." म्हातारा खूश झाला आणि पोशीनं पहिली गोळी बाबल्याच्या हातून घेतली. पुढं डॉक्टरांनी गोळ्यांऐवजी महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं, कारण पोशी गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकायची.

इंजेक्शनं लागू पडली. लगेच नाही, सावकाश. आधी झोप आली, मग भूक, मग एके दिवशी पोशीनं स्वतःचे केस विंचरले. कमलेशनं दोर सोडून आढ्यावर टाकला. उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा पोशी हंडा घेऊन बायकांच्या रांगेत उभी राहिली आणि पुढं घुसणाऱ्या एकीशी तंडली. गौराबाईनं ते भांडण दुरून बघितलं आणि तिला रडू आलं. म्हणे, माझी पोर भांडली, म्हणजे माझी पोर परत आली. त्या वर्षी पोशी बोहाड्याची, देवादिकांचे मुखवटे घालून नाचणारी सोंगं बघायला रात्रभर जागली, दुसऱ्या दिवशी दमून जी झोपली ती सरळ जेवणवेळेला उठली. त्या घरात सुख म्हणावं असं ते एकच वर्ष होतं.

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठं? बिघडलं पाहुणे आले तेव्हा.

संस्थेला पैसा देणारी मुंबईची एक कंपनी होती. तीन वर्षांसाठी पैसा मिळाला होता आणि तिसरं वर्ष सरत आलं होतं. आजाराला मुदत नसते, पण आजारावरच्या पैशाला असते, हे गणित कुणी बसवलंय देव जाणे. जव्हारच्या ऑफिसातले मंगेश सर जयश्रीला म्हणाले, "ताई, कंपनीच्या मॅडम काम बघायला येताहेत. चांगलं दिसलं पाहिजे. सगळं आता यावरच आहे." मंगेश सरांचं काय चुकलं? त्यांनाही पुढची तीन वर्षं हवी होती. जयश्रीलाही हवी होती, मुख्य म्हणजे पोशीला हवी होती.

मग जयश्रीनं तेच केलं जे इथली कुठलीही बाई पाहुणे येणार म्हटल्यावर करते. तिनं घर सारवलं. खरंखुरं सारवलं, गौराबाईच्या ओट्यावर बसून शेणाचा हात फिरवला. आणि पाड्यावरची माणसंही तशीच सारवून ठेवली. कोण मॅडमपुढं बोलेल, कोण बोलणार नाही, हे ठरवलं. लक्ष्मण नावाच्या एका माणसाला त्या आठवड्यात पुन्हा जोर आला होता, तो झाडांशी बोलत फिरत होता. जयश्रीनं त्याच्या बायकोला सांगितलं, "वहिनी, उद्याच्या दिवस यांना तुमच्या माहेरी घेऊन जा." गेल्या पावसाळ्यात रस्ता खचला तेव्हा पोशीचं एक इंजेक्शन हुकलं होतं आणि पंधरवड्यात ती पुन्हा भिंतीशी पुटपुटू लागली होती, पुढचं मिळाल्यावरच सावरली होती, तेही कुणापुढं काढायचं नाही असं गौराबाईच्या कानात सांगितलं. गौराबाई म्हणाली, "सांगायला लागतं काय? पाहुण्यापुढं कुणी फाटकी गोधडी पसरतं?"

प्राजक्ता मॅडम आल्या. सकाळी शिरपामाळला थांबून, दरीचे फोटो काढून आल्या होत्या म्हणून जरा उशीर झाला होता. बाई मनानं चांगली होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच तिच्यावर दात खाणार नाही. सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसल्या. पोशीनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. मॅडमनी पोशीचा हात हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग त्यांनी जयश्रीला विचारलं, "ताई, एखादं इंजेक्शन चुकलं तर काय होतं हो?"

जयश्रीला सगळं ठाऊक होतं. जिभेवर होतं. पण सारवलेलं अंगण होतं, नवं लुगडं नेसलेली गौराबाई होती, पोशीचा विंचरलेला भांग होता. आणि प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. तिच्या तोंडून निघालं, "चुकत नाही, मॅडम. लोक आता स्वतःहून येतात."

"म्हणजे आता लोकांना समजलंय. उद्या आम्ही नसलो तरी चालेल?"

"चालेल की. आमची माणसं शहाणी झालीत."

मंगेश सर कौतुकानं हसले. गौराबाईनं मान हलवली. मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना काय ठाऊक, की या डोंगरात पुन्हा विचारायचं असतं? जयश्रीला मात्र ठाऊक होतं. ज्या रितीवर तिनं तीन वर्षं घराघरांतून खरं बाहेर काढलं, त्याच रितीनं तिनं स्वतः खोटं सांगितलं आणि दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसली. मॅडमची गाडी अंधार पडायच्या आत घाट उतरायची होती. त्या उठल्या.

दीड महिन्यानं मंगेश सरांचा फोन आला. आवाज पडलेला. कंपनीला काम अतिशय आवडलं होतं. इतकं आवडलं होतं की त्यांच्या मते इथलं काम पूर्ण झालं होतं, लोक स्वतःच्या पायावर उभे राहिले होते, आणि आता तो पैसा जिथं गरज जास्त आहे अशा दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होता. जयश्री तेव्हा उंबरठ्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिनं फोन खाली ठेवला आणि तांदूळ निवडत राहिली. मुकेशनं विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काम आवडलं त्यांना." मग तिला हुंदका आला.

मुकेश रागानं म्हणाला, "आजारी माणूस बरं झालं म्हणून दवाखाना बंद करतात होय? मग भात पिकला म्हणून शेत विकायचं काय?" शहाणा माणूस. पण त्याला कोण विचारतो.

स्टँडजवळच्या खोल्या रिकाम्या झाल्या. नाशिकचे डॉक्टर एकदा स्वतःच्या खर्चानं येऊन गेले, दुसऱ्यांदा आले, मग त्यांनाही जमेना. जवळच्या सरकारी दवाखान्यात ताप, बाळंतपण, सापाचं विष, सगळं बघणारी एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं जयश्रीचं ऐकून घेतलं, चार ठिकाणी फोन लावले, म्हणाली, "ताई, हे इंजेक्शन माझ्याकडं येत नाही आणि मनाचा डॉक्टर नसताना मी ते मनानं देऊ शकत नाही. पेशंटला मोठ्या दवाखान्यात न्या." मोठा दवाखाना म्हणजे जायला एक दिवस, यायला एक दिवस. जयश्री पोशीला एकदा घेऊन गेली, मुकेशच्या जीपनं आणि पुढं एस.टी.नं. दुसऱ्या वेळी पोशी स्टँडवरच्या गर्दीला भ्यायली, बसमध्ये चढेना, आणि बघे जमले. तिसऱ्या वेळी आवणी सुरू झाली होती. पावसाचे चार दिवस हुकले तर या लोकांचं वर्ष हुकतं. कमलेश म्हणाला, "बाय, भात लावून होऊ दे, मग जाऊ." जयश्रीला त्याला नाही म्हणवेना.

भात लावून झालं, तोवर पोशीनं केस विंचरायचं सोडलं होतं.

तेव्हा जयश्रीनं धीर करून प्राजक्ता मॅडमना फोन लावला. नंबर होता, पण इतके दिवस लावला नव्हता. उगाच मॅडमना कशाला त्रास, असं म्हणत राहिली होती. ती म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला खोटं सांगितलं. इंजेक्शन चुकलं की माणूस पुन्हा खाली जातं. तेव्हाही चुकलं होतं. लक्ष्मणला आम्ही लपवला होता."

मॅडम म्हणाल्या, "ताई, मग तेव्हा का नाही सांगितलंत? मी नेमकं तेच विचारलं होतं."

पाहुण्यांना असं लगेच सांगत नाहीत, हे मुंबईला फोनवरून समजावून सांगायचं? जयश्री म्हणाली, "चुकलं माझं." मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी मीटिंगमध्ये विषय काढते, पण शब्द देत नाही, तिकडचं काम सुरू झालंय. त्यांनी तो खरोखर काढलाही असेल. पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसांचा घास काढून इकडं द्या, असं तरी जयश्री कुठल्या तोंडानं म्हणणार होती? तिथंही कुणाची तरी पोशी असेलच.

तुम्ही म्हणाल, तिनं खरं सांगितलं असतं तर पैसा राहिला असता कशावरून? कदाचित काम नीट झालं नाही म्हणून आधीच गेला असता. मुकेश तिला हेच सांगायचा, मंगेश सरही सांगायचे. सगळे तिला समजवायचे. पण ती रात्री-अपरात्री नव्हे, भर दिवसा, कुणाच्या तरी दारात शेंगा सोलता सोलता मध्येच थांबायची आणि मॅडमचा तो प्रश्न मनात पुन्हा ऐकायची. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर निदान आपल्या हातून तरी झालं नसतं, एवढंच तिचं म्हणणं होतं. त्याला कुणाकडं औषध नव्हतं.

काम मात्र तिनं सोडलं नाही. पगार गेला, हिंडणं राहिलं. लक्ष्मणच्या बायकोशी बोलायची, कुणाला सरकारी दवाखान्यातून झोपेपुरतं काही मिळतंय का ते बघायची. बाबल्या भगत एकदा वाटेत भेटला, म्हणाला, "जयश्रीबाय, माझ्याकडं ते लोक परत यायला लागले गं. मी काय करू? माझ्या हातात आता गोळी नाय." म्हातारा खरंच कष्टी झाला होता. पोर उठली तेव्हा नाव त्याचं झालं होतं, आता पडली तर तेही त्याच्याच नावावर होतं.

दिवाळी झाली. पाडे रिकामे व्हायला लागले. भट्टीवाल्यांचे ट्रक डांबरी रस्त्यावर उभे राहिले आणि माणसं बोचकी, कोंबड्या, पोरं घेऊन त्यांत चढू लागली. कमलेशनं भट्टीवाल्याकडून आगाऊ उचल घेतली होती, त्याला जाणं भाग होतं. पोशीला नेता येत नव्हतं. भट्टी म्हटलं की ती किंचाळायची. म्हणजे घरी म्हातारी आणि ती, दोघीच.

जयश्री गौराबाईकडं पोचली तेव्हा दुपार होती. गौराबाई ओट्यावर बसली होती. आतून पोशीचा आवाज येत होता, एकसारखा, कुणाला तरी समजावल्यासारखा. मध्येच ‘ये, ये’ म्हणत होती. जयश्री आत डोकावली. पोशीनं तिच्याकडं बघितलं, पण ओळख दिली नाही, आणि पुन्हा कोपऱ्याशी बोलू लागली. जयश्री बाहेर येऊन गौराबाईपाशी बसली.

मग ती म्हणाली, "मावशी, माझ्यावर राग धरा. मी त्या बाईंना खरं सांगायला पाहिजे होतं."

"राग कशाचा?" गौराबाई म्हणाली. "माझ्याच घरात बसून तू बोललीस, मीच मान हलवली. तुझ्यावर राग धरून कुठं जाऊ?" तिनं पदरानं नाक पुसलं. आतला आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. गौराबाई ऐकत राहिली. मग जयश्रीकडं न बघता, अगदी साध्या आवाजात, म्हणाली, "आधी बरं होतं बाय. आधी वाटायचं, पोरीचं नशीबच असं. देवानं दिलं, भोगायचं. मी तिला बांधायची, जेवायची, झोपायची. आता तसं येत नाय. ती बरी होते, हे मी बघितलंय ना. पाण्याच्या रांगेत भांडलेली बघितलीय. तू आलीच नसतीस तर मला हे ठाऊकच झालं नसतं."

जयश्री तिथंच बसून राहिली. उन्हं उतरली तशी गौराबाई चूल पेटवायला उठली, आणि जयश्रीनं तिच्या मागोमाग आत जाऊन पोशीच्या पुढ्यात भाकरीचा तुकडा धरला. पोशीनं तो घेतला नाही.